इमानाच्या शेपटीचा गोटा

एकोडी

माझे बाबा विमानाला इमान म्हणतात. आमच्या साकोली तालुक्यात सगळेच म्हणतात. मी पंधरा वर्षं विमान चालवतेय, त्यातली नऊ वर्षं पोरापोरींना शिकवतेय, तरी बाबांनी एकदाही 'मले बसव' म्हटलं नव्हतं. गावात कोणी विचारलं की सांगायचे, "माही पोरगी इमान चालवते, मी डोंगा चालवतो. दोघंई बुडू नाई म्हनून पाहतो." बाबांचा आणि विमानाचा संबंध एवढाच, असं मी धरून चालले होते.

संबंध होता, आणि तो माझ्या जन्माआधीचा होता. गेल्या पावसाळ्यात सुट्टीवर घरी गेले तेव्हा जेवता जेवता तो बाहेर आला.

मी आपली तावातावानं सांगत होते. एका विद्यार्थ्याला मी त्या आठवड्यात उडू दिलं नव्हतं. उडण्याआधी विमानाला फेरी मारून एकेक गोष्ट हातानं तपासायची असते, आणि हा पठ्ठ्या शेपटीकडे गेलाच नाही. "जुन्या विमानाच्या शेपटीच्या हलत्या फळीले शिशाचं वजन असते," मी आईला म्हणाले. "त्यानं फळी तोलून राहते. ते नसलं अन् वेग वाढला, की फळी थरथरते. मंग शेपूटच तुटते. वरचा मानूस गेलाच समज."

बाबांचा हात ताटातच थांबला. आई म्हणाली, "काहून? काटा लागला का?" बाबा उठले आणि हात धुऊन बाहेर गेले. त्यानंतर चार दिवस ते धड जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मला तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, घेऊन गेले, खाली बसले आणि पाण्याकडे बघत सांगायला लागले.

आम्ही ढिवर. तलावात मासे धरणं, शिंगाडे लावणं हेच घरचं काम. बाबा अठ्ठावीस वर्षांचे आणि मी आईच्या पोटात, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात तलाव आटला होता. एका सकाळी दोन खुर्च्यांचं लहानसं विमान खोकत खोकत आलं आणि तलावाच्या कोरड्या मातीत उतरलं. वैमानिकाला खरचटलंसुद्धा नाही. इंजिन बिघडलं होतं, मिस्त्री यायला तीन दिवस लागणार होते. गुरंढोरं विमानाला अंग घासतील म्हणून पोलीस पाटलानं दिवसाच्या राखणीला बाबांना बसवलं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी तो सायेब पाटलाकडं जेवाले गेला," बाबा म्हणाले. "मी एकटाच. शेपटीखाली पाह्यलो तं सळईच्या टोकाले शिशाचा गोळा. माह्या फेकजाळ्याले शिसं नोहतं वनू. गोटे बांधून जाळं फेकत होतो. मी तो गोळा काढलो."

गोळा काढल्याबरोबर शेपटीची फळी खाली लोंबली. बाबा घाबरले. पण माणूस जाळ्याचा, बुडणारं आणि तरंगणारं हाताला कळतं. त्यांनी तेवढ्याच वजनाचा गोटा शोधला, जाळ्याच्या दोरीनं विणून सळईला बांधला आणि फळी होती तशी सरळ झाली. मिस्त्री आले, त्यांनी बाबांसकट सगळ्यांना लांब उभं केलं आणि विमान दुरुस्त केलं. जाताना वैमानिकानं बाबांशी हात मिळवला. विमान धूळ उडवत गेलं ते गेलंच.

"मले वाटे, फळी सरळ झाली तं झालं. इतके वर्ष तेच वाटे. अन् तू त्या दिवशी सांगितली का शेपूट तुटते." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो मानूस घरी पोचला का वं?"

मी विमानावरचा नंबर विचारला. बाबांना तेव्हा इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण त्यांनी विमानावरच्या अक्षरांची चित्रं डोक्यात ठेवली होती. पहिलं उघड्या तोंडाचं, दुसरं खांबावर आडवी बल्ली, आणि शेवटचं अगदी मासे धरायच्या गळासारखं. गळ म्हणजे जे. तेवढ्यावर मी चार महिने जुन्या नोंदी धुंडाळल्या, ओळखीपाळखीत विचारलं, पत्रं लिहिली. त्या जातीची विमानं कधीच मोडीत निघाली होती. बंगळुरूच्या कडेला निवृत्त वैमानिकांनी मिळून चालवलेलं एक लहानसं विमान संग्रहालय आहे, तिथे तसलं एक उभं आहे, एवढंच हाती लागलं.

तुमसरकडच्या एका राइस मिलवाल्या शेठचं चार खुर्च्यांचं विमान आहे. ते मोठ्या तपासणीसाठी बंगळुरूला न्यायचं निघालं आणि न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी फोन केला.

"मी येतो," बाबा म्हणाले.

"बाबा, ते दुसरंच असंल तर?"

"असंल तं असंल. मले हात लावून पाहू दे."

आई मागून ओरडली, "चोराले सोबत नेऊन राहिली का वं?" घरातल्या जाळ्याचं शिसं कुठून आलं हे तिलाही त्याच पावसाळ्यात कळलं होतं, आणि ती बाबांना सुखानं जगू देत नव्हती.

बिरसी

धान कापून झाले होते. थंडी चांगली होती. बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर, मी शिकवते तिथे, आणलं, तर धुकं. तासभर नुसते बसून राहिलो. बाबांनी स्वच्छ धोतर, कोट आणि मफलर असा लग्नाला निघाल्यासारखा थाट केला होता.

वेळ होता म्हणून वजनाचा कागद करायला घेतला. लहान विमानात माणसं, सामान, इंधन, सगळं किलोत मांडावं लागतं. शेठनं शेडमध्ये धानाचे कट्टे मोजायचा काटा आणून ठेवलाय, त्यावर आम्ही विद्यार्थ्यांनाही मोजतो. बाबा चढले. एकोणपन्नास किलो.

"पिशवी?"

"तीन किलो."

"काट्यावर ठेवा."

"सांगतलो ना तीन."

मी पिशवी ओढली. काट्यानं पाच किलो दोनशे दाखवले.

"बाबा, हे दोन किलो कुठून आले?"

"कोनाच्या घरी जाऊन राहिलो तं रिकाम्या हातानं जाते का मानूस?" बाबा उलट माझ्यावरच खेकसले. दोन किलो चिन्नोरचा तांदूळ निघाला, संग्रहालयवाल्यांसाठी. आईनं कागदात बांधलेले अर्धा किलो सुकलेले झिंगे निघाले, तेही त्यांच्यासाठीच. कपडे निघाले. आणि तळाशी गाठ मारलेलं एक फडकं.

"ते राहू दे," बाबा म्हणाले.

"नाही राहू देणार."

"दोन किलोनं इमान पडते का?"

"पडत नाही. पण कागदावर जेवढं लिहिलं, तेवढंच विमानात पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. आज दोन किलो सोडले तर उद्या वीस सोडीन. सोडा ते फडकं, नाहीतर विमान इथंच राहील."

मी हे विद्यार्थ्यांना रोज सांगते त्याच आवाजात सांगितलं. बाबांनी पिशवी जवळ ओढली. मग वाकून गाठ सोडली. आत जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या होत्या. चिंचोक्यांहून थोड्या मोठ्या, काळ्या पडलेल्या, मधून भोक पाडलेल्या.

"तेच हाये," ते म्हणाले. "वितळवून गोळ्या केलो होतो. काल जाळ्याच्या कापून काढलो. वापस करतो."

मला राग आला होता, तो तिथंच जिरला. सत्तरीचा माणूस आदल्या दिवशी अंगणात बसून आपलं आयुष्यभराचं जाळं उसवत होता आणि घरात कोणाला बोलला नव्हता. मी कागदावर पिशवीपुढे पाच पूर्णांक दोन लिहिलं, खाली सही केली आणि गोळ्या पुन्हा बांधून त्यांच्या हातात दिल्या.

धुकं वर गेलं तसं मी विमानाला फेरी मारायला निघाले. बाबा मागोमाग आले. मी हात लावीन तिथे तेही हात लावत होते. शेपटीजवळ मला म्हणाले, "दोनदा पाह्य." मी दोनदा पाहिलं.

वर

धावपट्टी सुटली तेव्हा बाबांनी डोळे मिटले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. दहा मिनिटांत साकोलीच्या अंगाला आलो आणि मी जरा खाली आणून विमान उजवीकडे कलतं केलं.

"आपला तलाव."

"हा? इतकासाच?" कानावरच्या हेडफोनमधून बाबांचा आवाज मोठा आला. आयुष्यभर ज्या पाण्यात डोंगा चालवला ते एका नजरेत मावलं याचं त्यांना दुःखच झालं. मग मात्र ओळखी निघायला लागल्या. ती पार, तो मोह, ही शिंगाड्याची बाजू. बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते, वरून भजी तळून ठेवल्यासारखे दिसत होते. आमच्या झाडीपट्टीत तलाव किती आहेत हे खालून कळत नाही. वरून बघावं तर जिकडेतिकडे पाणी चमकतं. मला हे दर वेळी दाखवायचं असतं आणि शेजारी बहुतेक घाबरलेला विद्यार्थी असतो.

"तो कुठं उतरला होता?" मी विचारलं.

बाबांनी बोटानं दाखवलं. तलावाची दक्षिण बाजू, आता तिथे छातीभर पाणी. "बरा उतरला," ते म्हणाले. "पाच हात इकडं आला असता तं खडक होता."

पवनीकडची वैनगंगा उजव्या हाताला लांबवर दिसत राहिली. पुढे जंगल. साडेसहा हजार फुटांवर थंडी बोचायला लागली, तसे बाबा चुळबुळायला लागले.

"वनू, किती टाइम?"

"सव्वा तास. काहून?"

"काही नाही."

वीस मिनिटांनी पुन्हा, "किती टाइम?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निघायच्या आधी बाबांनी शेठच्या माणसाकडून तीन कप चहा घेतला होता. लहान विमानात सोय नसते, आम्ही रिकामी बाटली ठेवतो. मी ती पुढे केली.

"पोरीच्या समोर? हट!"

"मी समोर बघते."

"तू समोरच पाह्य, इमान चालव. मी धरतो."

आणि धरलं. गोदावरी ओलांडली, ऊन तापलं, विमान हादरायला लागलं, बाबा दात आवळून बसले. हैदराबादच्या बेगमपेठला चाकं टेकली आणि मी इंजिन बंद करते न करते तोच धोतर सावरत ते असे पळाले, की तिथला कर्मचारी 'अरे, अरे' करत त्यांच्या मागे धावला. मी हातानंच खूण करून काय ते सांगितलं. त्यानं पुढे होऊन दार दाखवलं.

हैदराबाद

त्याच दिवशी पुढे जायचं होतं, पण निघायची परवानगी दुपारपर्यंत आली नाही आणि मग उजेड पुरणार नव्हता. मुक्काम पडला. मुक्कामाचं काही नाही, पण आमचा सगळा हिशेब चुकला. आता बंगळुरूला सोमवारी पोचणार. संग्रहालयात फोन केला तर कोणीतरी इंग्रजीत सांगितलं, सोमवारी बंद. मंगळवारी पहाटेचं आमचं परतीचं रेल्वेचं तिकीट होतं, आणि गुरुवारी मला कामावर हजर व्हायचं होतं.

मी बाबांना सांगितलं तेव्हा आमच्यासमोर बिर्याणीची ताटं होती. बाबा एकेक शीत बाजूला करून पाहत होते. "हा भात हाये का सुया होत?" त्यांना चिकट, वासाचा भात लागतो. इथलं प्रत्येक शीत दुसऱ्यापासून फटकून राहिलेलं होतं. मसाल्याला मात्र त्यांनी मान दिला, दोनदा मागून घेतला.

"उद्या बंद आहे, बाबा."

"दरवाजा बंद राहीन. मानूस तं राहीन ना तिथं?"

"चौकीदार असंल."

"मंग झालं," म्हणाले आणि हाड चोखायला लागले.

बंगळुरू

हवा शांत होती. बाबांनी निघण्याआधी चहाला तोंड लावलं नाही. बंगळुरूच्या उत्तरेकडच्या लहान धावपट्टीवर उतरून विमान तपासणीवाल्यांच्या ताब्यात दिलं, सह्या केल्या, आणि बाहेर एका खानावळीत जेवायला बसलो. नाचणीच्या पिठाचा मुठीपेक्षा मोठा गोळा आणि पातळ सार असं ताट आलं. बाबा चावायला लागले तर वाढणारा माणूस कळवळला. चावायचं नाही, साराला लावून गिळायचं, असं त्यानं स्वतः गिळून दाखवल्यासारखं करून शिकवलं. बाबांनी प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं. "आपली आंबील बरी," म्हणाले. "हे पिऊन टाकायची वस्तू होय, हे लोक बांधून ठेवतात." पण गोळा संपवला. ताटात टाकणं त्यांना जमत नाही.

संग्रहालयाला लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. चौकीदारानं मान हलवली. मी इंग्रजीत, हिंदीत, माझं वैमानिकाचं ओळखपत्र दाखवून सांगितलं. तो नम्रपणे नाहीच म्हणत राहिला. मी चिडले, आवाजही चढवला, त्याचा उपयोग झाला नाही.

बाबांनी मफलर अंथरला आणि फाटकासमोर बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"बाबा, इथं किती वेळ बसणार?"

"गळ टाकून बसतो तवा विचारते का तू?"

दीड तास गेला. ऊन सरकलं तसे बाबाही सरकले. चौकीदारानं आधी दुर्लक्ष केलं, मग पाणी आणून दिलं, मग खुर्ची आणली. बाबा खुर्चीवर बसले नाहीत, म्हणून तोही बसेना. शेवटी त्यानं तोंड उघडलं. सोमवारी एक साहेब येतात, जुन्या इंजिनांना तेलपाणी करायला. येतीलच एवढ्यात.

ते आले स्कूटरवरून. शेषाद्री त्यांचं नाव. बाबांच्याच वयाचे, विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, आता हे संग्रहालय सांभाळतात. मी बोलायच्या आधी बाबा उठले आणि तांदळाची पिशवी त्यांच्या हातात दिली. "साहब, घर का चावल है. बहुत दूर से आया. एक इमान देखने का है."

शेषाद्रींनी पिशवीचा वास घेतला. "कौन सा चावल है?" झालं, चिन्नोरवर पाच मिनिटं गेली. मग त्यांनी किल्ली काढली.

विमान शेडच्या टोकाला होतं. पिवळा रंग, दोन खुर्च्या, मागच्या बाजूला लहान चाक. बाबा लांबूनच थबकले. "हेच," म्हणाले. "असंच होतं." मग ते भराभर बाजूला गेले आणि अक्षरं पाहिली. उघडं तोंड होतं. आडवी बल्ली होती. पण शेवटचं अक्षर गोल गरगरीत होतं. गळ नव्हता.

"नाही," बाबा म्हणाले.

मी आधीच सांगितलं होतं, त्यांनाही ठाऊक होतं, तरी त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिकडे बघवेना. त्यांनी शेषाद्रींना विचारून शेपटीखाली हात घातला. सळई होती, सळईच्या टोकाला शिशाचा गोळा होता. बाबांनी तो तळहातावर तोलून पाहिला.

"ये निकाला तो क्या होता, साहब?" त्यांनी विचारलं.

शेषाद्रींनी तेच सांगितलं, जे मी जेवताना सांगितलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आप लोगों को एक मज़ेदार चीज़ दिखाता हूँ. इसी वज़न की बात है." आणि आम्हाला भिंतीपाशी एका काचेच्या कपाटाकडे घेऊन गेले. आत जुने चष्मे, नकाशे, टोप्या. खालच्या फळीवर एक गोटा होता.

नदीतला गुळगुळीत, करडा गोटा, आणि त्याच्याभोवती काळपट दोरीचं विणकाम. खाली इंग्रजीत पाटी. मी ती वाचायला लागण्याआधीच बाबा खाली बसले होते. काचेला कपाळ टेकवून दोरी बघत होते.

"वनू, ही माही गाठ."

"बाबा..."

"दुहेरी घेऊन उलटी फिरवलेली. माह्या बापानं शिकवली होती. आता कोनी मारत नाही." त्यांनी काचेवरून पाटीकडे बोट केलं. "वाच. काय लिवलं ते वाच."

मी वाचलं आणि जमेल तसं मराठीत सांगत गेले. मध्य भारताच्या जंगलातल्या कोरड्या तलावात याच जातीचं एक विमान बिघडून उतरलं. उतरताना बसलेल्या धक्क्यानं शेपटीचं शिशाचं वजन कुठेतरी गळून पडलं. राखणीला असलेल्या एका अनोळखी कोळ्यानं ते ओळखून, बरोबर तेवढ्याच वजनाचा हा गोटा तिथे बांधून ठेवला. मिस्त्रीनं उडण्याआधी नवं शिसं बसवलं. वैमानिकानं मात्र हा गोटा निवृत्त होईपर्यंत आपल्या बॅगेत बाळगला.

"म्हंजे पोचला," बाबा म्हणाले.

"पोचला, बाबा."

"साहब, वो पायलट साहब अभी किधर है?"

शेषाद्री म्हणाले, ते गेले. काही वर्षं झाली. त्यांच्या मुलीनंच हे सामान आणून दिलं.

"कैसे गये?"

"बुढ़ापे से. घर में ही, नींद में."

"खाटेवर?" बाबांनी मला मराठीत विचारलं, जणू शेषाद्रींनी चुकीचं सांगितलं असेल.

"हो. घरी, झोपेत."

बाबांनी तोंडावर मफलर धरला आणि रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. मीही शेजारी फरशीवर बसले. शेषाद्रींना मी काय ते थोडक्यात सांगितलं, की गोटा बांधणारा कोळी हाच. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. फोटो काढू म्हणाले, पाटीवर नाव घालू म्हणाले, मुलीला कळवू म्हणाले. चौकीदार पण आत येऊन कौतुकानं पाहत होता.

बाबांनी डोळे पुसले. "नाही," म्हणाले. "वो पाटी गलत है."

मला कळलं ते काय करणार आहेत. खरं सांगते, मला नको होतं. चार महिने जे ओझं ते वाहत होते ते उतरलं होतं, वर मान मिळत होता. मी हळूच म्हणाले, "बाबा, असू द्या ना. त्या माणसानं स्वतःच तसं सांगितलं आहे. कोणाचं काय बिघडते?"

"तू माह्या पिशवीचे दोन किलो सोडली होती का?"

मी बाजूला सरकले.

बाबांनी फडकं काढलं, कपाटावर ठेवून गाठ सोडली. "साहब, शिसा गिरा नहीं था. मैंने निकाला था. चोरी किया. जाल को लगाया. ये लो वापस. गोटा भी मैंने बांधा, वो भी सच है. दोनों लिखो."

शेषाद्री गोळ्यांकडे बघत राहिले, मग बाबांकडे. आतून सुटे भाग मोजायचा काटा घेऊन आले, कपाट उघडून गोटा त्यावर ठेवला. एक किलो तीनशे. मग गोटा उचलून गोळ्या ठेवल्या. एक किलो दोनशे चाळीस.

"साठ ग्राम कम," ते म्हणाले.

"दो गोली कम है," बाबा लगेच म्हणाले. "एक बड़े तालाब में गयी, एक छोटी बोडी में. वो भी लिखो."

शेषाद्रींना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. हातानं, डोळ्यांचा अंदाज घेऊन, भर दुपारी भीतीनं उचललेला गोटा, आणि एवढा बरोबर. "चोर अच्छा नहीं था आप," ते म्हणाले, "मिस्त्री अच्छा था." त्यांनी वही घेतली आणि बाबा सांगतील तसं लिहून घेतलं. झिंगे मात्र त्यांनी घेतले नाहीत, घरी चालत नाहीत म्हणाले. चौकीदारानं घेतले.

वरठी

मंगळवारी पहाटे गाडी पकडली, नागपुरात बदलली आणि वरठीला, भंडारा रोड स्टेशनवर उतरलो. बाबा सारा रस्ता झोपले होते. कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली आणि मोटारसायकलींमधून वाट काढत आम्ही साकोलीच्या बसकडे निघालो. बाबांची पिशवी मी घ्यायला गेले तर देईनात. "हलकी झाली आता," म्हणाले.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की आता जाळ्याला काय लावणार. बाबा दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन गोटे निवडून आले.

पंधरा दिवसांनी शेषाद्रींनी नव्या पाटीचा फोटो पाठवला. मी घरी गेले तेव्हा बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. मी वाचून दाखवलं: शिसं याच माणसानं काढलं, गोटा याच माणसानं बांधला. गोळ्या त्यानं स्वतः आणून परत केल्या, साठ ग्रॅम कमी, दोन गोळ्या पाण्यात हरवल्या. खाली बाबांचं नाव, आणि गाव एकोडी.

बाबांनी मला ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. साठ ग्रॅमपाशी बोट वर करून मला थांबवलं, मान हलवली, आणि पुन्हा दोरी हातात घेतली.

"आता बरोबर हाये," ते म्हणाले. "जेवढं कागदावर, तेवढंच माह्याजवळ."